निखाऱ्यावरचे बटाटे

स्वयंपाकघर हा आमचा प्रांत नव्हे, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. अकरावीची जुनी मॅट्रिक होऊन आम्ही पाठशाळेंत संस्कृत शिकलों आणि पुढें छत्तीस वर्षें मुलांकडून शब्द व धातु घोकून घेतले. या साऱ्या काळांत स्वयंपाकघरांत आम्ही गेलों ते पानें वाढल्याची हांक आल्यावर, आणि बसलों ते पाटावर. चार वर्षांपूर्वीं आमचें कुटुंब निवर्तलें, आणि साठी उलटल्यावर आम्हांस वरणभाताचा श्रीगणेशा गिरवावा लागला. अशा माणसानें पाककृतीवर लेखणी चालवावी हें धाडसच होय. परंतु गेल्या हिंवाळ्यांत आमच्या घरीं बटाट्याचा एक पदार्थ झाला, त्याची हकीकत सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. पदार्थ साधा आहे. कोणासही करून पाहतां येईल. त्यामागची गोष्ट मात्र तितकी साधी नाहीं, आणि तींत आमचा मोठेपणा दिसावा असेंही फारसें कांहीं नाहीं.

आमचा एकुलता एक मुलगा आयर्लंडांत डब्लिन शहरीं नोकरीस आहे. तेथेंच त्यानें लग्न केलें, सूनबाई तिकडचीच. सहा वर्षांपूर्वीं तीं दोघें तीन वर्षांच्या नातवास घेऊन नाशकास आलीं होतीं. एके सकाळीं पोह्यांची बशी पुढें येतांच नातवानें ‘बेकन कुठें आहे?’ असें आपल्या बोबड्या इंग्रजींत विचारलें. आम्हीं मुलाकडे पाहिलें. त्यानें कांहीं लपविलें नाहीं. “होय बाबा, आमच्या घरीं तें होतें, आणि मीही खातों,” एवढेंच तो म्हणाला.

आम्हीं आवाज चढविला नाहीं कीं उपदेश केला नाहीं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही आपलें पान तासभर आधीं वाढून घेऊं लागलों, इतकेंच. पंधरा दिवस आम्ही मुलाच्या पंक्तीस बसलों नाहीं. ‘बाबा आपल्याबरोबर कां जेवत नाहींत?’ असें सूनबाईनें एकदां विचारलें, तेव्हां ‘त्यांना लवकर जेवायची संवय आहे’ असें सांगून मुलानें आमची लाज राखली. तें आम्हीं ओसरीवरून ऐकलें आणि ऐकलें नाहींसें केलें.

तीं परत गेल्यावर आमचें कुटुंब एकच वाक्य बोललें: “अहो, पान तुम्हीं वेगळें मांडलेंत, त्यानें नाहीं.” पुन्हां तिनें तो विषय काढला नाहीं. मुलाचे दूरध्वनि येत ते तिच्याकरितां. ती गेली तेव्हां मुलगा एकटाच आला, दिवसवार यथासांग करून परतला, आणि पुढें आमच्यांत सणावारीं बोलावयाचीं चार वाक्यें तेवढीं उरलीं.

गेल्या डिसेंबरांत नाताळच्या सुटींत तीं तिघें पुन्हां आलीं. नाशिकची थंडी वाचकांस ठाऊक असेलच. निफाडकडे पारा उतरूं लागला कीं द्राक्षांचे बागाईतदार रात्रीं शेकोट्या पेटवून बागेंत जागतात, आणि पहाटे गोदावरीच्या पात्रावर वाफेसारखें धुकें उभें राहतें. नऊ वर्षांच्या नातवास अशा थंडीचें नवल नव्हतें. पण प्रवास, पाणी किंवा जाग्रण, कशानें म्हणा, तिसऱ्याच दिवशीं त्यास ताप भरला. दोन दिवसांनीं औषधानें ताप उतरला, परंतु तोंडास चव नव्हती. मऊ भात झाला, त्यावर मेतकूट झालें, मुगाचें कढण झालें. मुलानें प्रत्येक वेळीं एक घास घेऊन मान फिरविली. शेवटीं तो आईच्या कानाशीं लागून कांहीं पुटपुटला. तिनें त्यास गप्प केलें आणि चटकन् आमच्याकडे पाहिलें.

“काय मागतो तो?” आम्हीं विचारलें.

“कांहीं नाहीं बाबा. थंडींत मी घरीं बटाटे भाजतें, बेकन घालून. तें मागतो आहे. आपण लक्ष देऊं नका.”

मुलगा दारांत उभा होता. तो काय बोलेल इकडे आमचें लक्ष, आणि आम्ही काय बोलूं इकडे त्याचें. सहा वर्षांपूर्वींची ती सकाळ आम्हां दोघांनाही एकाच वेळीं आठवली असावी.

बेकन म्हणजे डुकराच्या पाठीचें वा पोटाकडचें मांस, मीठ लावून मुरविलेलें आणि पुष्कळदां धुरावर धरलेलें. नाशिकला हा शब्द सर्वस्वीं अपरिचित नाहीं. जवळच देवळालीस इंग्रजांच्या काळीं गोऱ्या सोल्जरांची मोठी छावणी होती. पण छावणीची हवा छावणींतच राहिली. गोदाकांठच्या जुन्या वाड्यांत तिचा शिरकाव झाला नाहीं.

आमच्या तोंडून जो प्रश्न निघाला तो मास्तरकीच्या जुन्या खोडीनें निघाला, त्यांत औदार्य कांहीं नव्हतें. आम्हीं विचारलें, “सूनबाई, त्या बटाट्यांत बेकनचें काम काय?”

ती क्षणभर गोंधळली. प्रश्नांत राग नाहीं अशी खात्री झाल्यावर तिनें बोटें मोजीत उत्तर दिलें. एक, त्याचें मीठ बटाट्यास लागतें. दोन, त्याची चरबी सुटते आणि तींतच बटाटे भाजले जातात. तीन, धुराचा वास. चार, मऊ बटाट्याबरोबर दातांखालीं कांहींतरी कुरकुरीत येतें. आमच्या वर्गांतील एखाद्या हुशार मुलीनें समास सोडवून दाखवावा तसें तिनें तें सोडवून दाखविलें.

मग ती आपल्या देशाच्या बटाट्याविषयीं बोलूं लागली. तिकडे बटाटा ही नुसती भाजी नव्हे. एकोणिसाव्या शतकांत तिकडचीं लक्षावधि गरीब माणसें जवळजवळ बटाट्यावरच जगत. १८४५ सालीं त्या पिकावर रोग पडला. आमच्याकडील टोमॅटोचे बागाईतदार ज्यास करपा म्हणतात त्यांतलाच तो एक. पावसाळी हवेंत पानें काळीं पडतात आणि जमिनींतले कंद सडून जातात. १८५२ पर्यंत चाललेल्या त्या दुष्काळांत सुमारें १० लाख माणसें मेलीं, आणि त्याहून अधिक देश सोडून गेलीं. डुकराचेंही तसेंच. गरिबाच्या झोंपडींत एखादें डुकर पाळलेलें असे. घरच्या बटाट्यांवर तें वाढे, आणि विकलें म्हणजे त्या पैशांतून जमीनदाराचा खंड भागे. म्हणून त्यास लोक गमतीनें ‘भाडें भरणारा गृहस्थ’ म्हणत. अशा घरांत बेकनचा तुकडा पानांत पडणें म्हणजे सणाचा दिवस.

आम्ही ऐकत राहिलों. ज्या पदार्थास आम्हीं सहा वर्षें केवळ एक अभक्ष्य म्हणून ओळखलें होतें, त्याच्यामागें कोणाची तरी आजी, कोणाची तरी चूल आणि कोणाची तरी भूक उभी आहे, हें आमच्या ध्यानींच आलें नव्हतें.

बेकन आमच्या घरांत येणें शक्य नव्हतें, आणि आणावें असें कोणी सुचविलेंही नाहीं. पण मीमांसाशास्त्रांत प्रतिनिधि नांवाचा एक विचार आहे. यज्ञास लागणारें द्रव्य मिळालें नाहीं तर यज्ञ सोडूं नये. मूळ द्रव्याशीं साम्य असलेलें दुसरें घ्यावें. सोमवल्ली न मिळाली तर पूतीक घ्यावा, असें याज्ञिक सांगतात. बेकनच्या चार गुणांस प्रतिनिधि शोधणें आम्हांस त्या मानानें सोपें वाटलें. मीठ घरांत होतें. चरबीच्या ठिकाणीं तूप. धूर म्हणजे निखारा. राहिला कुरकुरीतपणा. सूनबाईनें फडताळांतले डबे हुंगून पाहिले आणि सुक्या खोबऱ्याची वाटी हातांत घेऊन ती थांबली. “याचे पातळ काप तळले तर?”

इतक्यांत मुलगा माळ्यावर चढला. खालीं आला तो कोळशाची जुनी शेगडी घेऊन. घरीं गॅस आल्यापासून ती माळ्यावरच पडून होती. त्याच्या शाळेच्या दिवसांत आंघोळीचा बंब असे. हिंवाळ्यांत त्याची आई बंबाच्या निखाऱ्यांत दोन बटाटे पुरून ठेवी आणि शाळेस निघण्यापूर्वीं ते फोडून मीठ-तूप लावून त्याच्या हातावर ठेवी. हें आम्हांस माहीत होतें. पण इतक्या वर्षांत आठवलें मात्र नव्हतें. कोणी न सांगतां मुलगा बाजारांत जाऊन लोणारी कोळसा घेऊन आला.

कृति अशी. लहान आकाराचे अर्धा किलो बटाटे सालीसकट धुवून दोन दोन फोडी केल्या. खारट पाण्यांत त्या अर्धवट उकडल्या. सुरीचें टोंक थोडें अडखळून आंत गेलें पाहिजे. पाणी पूर्ण निथळून पातेल्यावर झांकण ठेवलें आणि पातेलें दोनतीनदां जोरानें हिंदकळलें, म्हणजे फोडींच्या कडा खरखरीत होतात. बटाट्यांत सुमारें ८० टक्के पाणी असतें. वरचें पाणी उडून गेल्याशिवाय खरपूस रंग चढत नाहीं, आणि खरखरीत कडेचें पिठूळ सत्त्व तुपांत लवकर तांबूस होतें. अंगणांत शेगडी पेटविली. लोखंडी कढईंत तीन मोठे चमचे तूप तापवून फोडी एका थरांत मांडल्या, वर सपाट झांकण ठेवलें आणि झांकणावरही निखारे ठेवले. खालीं विस्तव मंद, वर थोडा अधिक. तिकडच्या भट्टीचें काम अशानें होतें. अर्ध्या तासांत दोनदां फोडी परतल्या.

मध्येंच सूनबाईनें विचारलें, “बाबा, कांदा चालेल?”

“न चालावयास काय झालें?” आम्ही म्हणालों. “लासलगांवचा बाजार या जिल्ह्यांतला. नाशिककरानें कांद्यास नाहीं म्हणावें तर कोणी हो म्हणावें?”

म्हणालों खरे, पण वाक्य तोंडांतून बाहेर पडलें आणि आम्ही जागच्या जागीं थबकलों. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत अभक्ष्यांची गणना आहे. जाणूनबुजून खाल्ल्यास द्विज पतित होतो, असे जे पदार्थ तेथें एका श्लोकांत सांगितले आहेत, त्यांत गांवडुकर आहे, आणि त्याच श्लोकांत लसूण आहे, कांदाही आहे. हा श्लोक आम्हांस लहानपणापासून मुखोद्गत. चातुर्मास सोडला तर आमच्या घरांत कांदा नेहमीं चालत आला आहे. थालीपीठ त्याशिवाय आम्हांस गोड लागत नाहीं. म्हणजे एका श्लोकांतील एक पदार्थ आम्ही चवीनें खात आलों, आणि त्याच श्लोकांतील दुसऱ्या पदार्थासाठीं मुलाच्या शेजारचा पाट सहा वर्षें रिकामा ठेविला. आमचा नियम शास्त्रानें घातलेला नव्हता. तो आमच्या संवयीनें घातलेला होता, आणि संवयीस आम्हीं शास्त्राचें उपरणें पांघरलें होतें.

संवय ही कांहीं क्षुद्र वस्तु आहे असें आमचें म्हणणें नाहीं. आम्हांस त्या मांसाची रुचि नाहीं, इच्छा नाहीं, आणि या वयांत ती उत्पन्न होणार नाहीं. परंतु आपली संवय आपल्यापुरती ठेवावी. तिनें दुसऱ्याचें मोजमाप करूं नये. बटाट्याचेंच पाहा ना. पेरूच्या डोंगरांतला हा कंद. स्पॅनिश लोकांनीं तो समुद्रापलीकडे नेला, आणि आमच्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला. बटाटा हें नांवदेखील पोर्तुगीजांचें. मिरची, शेंगदाणा, रताळें, आणि ज्याच्या कंदापासून साबूदाणा होतो तें झाडही मूळ अमेरिकेकडचें. आज आमच्या एकादशीच्या फराळांतून हे पाहुणे उठवून लावले तर ताटांत दूध आणि वरी एवढेंच उरेल. परदेशच्या बटाट्यास आम्हीं उपासाच्या दिवशीं देवघराच्या दारापर्यंत येऊं दिलें, आणि पोटच्या पोरास पंक्तींतून दूर ठेविलें.

हे विचार आम्हीं कोणास बोलून दाखविले नाहींत. कांदा चिरण्याचें काम मागून घेतलें, म्हणजे डोळ्यांतील पाण्याचें कारण कोणी विचारीत नाहीं.

उभा चिरलेला कांदा शेवटच्या दहा मिनिटांत कढईंत पडला. खोबऱ्याचे कागदासारखे पातळ काप सूनबाईनें चमचाभर तुपांत मंद आंचेवर तांबूस केले, त्यांवर मीठ, चिमूटभर तिखट आणि किंचित् गूळ भुरभुरला. ते उतरतांना हात लवकर चालवावा लागतो. खोबरें पाहतां पाहतां करपतें. सगळें कढईंत एकत्र करून मध्यभागीं एका वाटींत लाल निखारा ठेविला, त्यावर तुपाचे चार थेंब सोडले आणि झांकण घट्ट लावलें. वरणास किंवा ताकास धुरी देण्याची ही आमच्याकडची जुनीच रीत; येथें तिनें बेकनच्या धुराची जागा घेतली. पांच मिनिटांनीं झांकण काढतांच अंगणभर वास सुटला, आणि खोलींत निजलेलें पोर पांघरूण घेऊन दारांत येऊन उभें राहिलें.

मुलगा पानें घेत होता. त्यानें तीन ताटें मांडलीं आणि हात आखडला. आमचें ताट आधीं होऊन गेलें असावें किंवा मागाहून व्हावयाचें असावें, असा त्याचा पूर्वींचा अनुभव.

मीमांसकांचा प्रतिनिधीचा विचार वर सांगितला, त्याचा उत्तरार्ध आम्हांस त्या क्षणीं आठवला. द्रव्यास प्रतिनिधि चालतो. पण यज्ञ करणाऱ्या यजमानास प्रतिनिधि चालत नाहीं, असें तेंच शास्त्र सांगतें. त्याच्या जागीं त्यानेंच बसलें पाहिजे. आम्हीं फडताळांतून चौथें ताट काढलें, मुलाच्या ताटाशेजारीं ठेविलें, आणि त्यामागें पाट मांडून बसलों.

नातवानें पहिली फोड तोंडांत घातली. सर्वांचें लक्ष त्याच्या तोंडाकडे. त्यानें सावकाश चावून निर्णय दिला: “आजोबा, हें बेकन नाहीं.”

“नाहींच तें,” आम्हीं सांगितलें.

“पण उद्यां पुन्हां करा,” असें म्हणून त्यानें ताट पुढें केलें. दोन दिवस ज्यानें घासाला घास घेतला नव्हता, तो सात फोडी खाऊन झोंपला.

मुलानें एक फोड बोटानें दाबून फोडली, तीवर मीठ टाकलें आणि तो नुसता “आईचे” असें म्हणाला. त्या वेळीं आम्हांस पुष्कळ कांहीं बोलावयाचें होतें. छत्तीस वर्षें शब्द शिकविणाऱ्यास एकही शब्द सांपडला नाहीं. तुपाची वाटी जवळ होती. आम्हीं त्याच्या पानांत तूप वाढलें. त्यानें “पुरे” म्हटलें नाहीं; आम्हींही हात लवकर आखडला नाहीं. त्या रात्रीं शेगडी विझेपर्यंत आम्ही दोघे अंगणांत बसलों होतों, आणि जें सहा वर्षांपूर्वीं बोलावयास हवें होतें तें तेव्हां बोललों. तें येथें लिहिण्याजोगें नाहीं.

ज्यांनीं घरोघर नियम जपले आहेत अशा वाचकांस आम्ही कांहीं नवें शास्त्र सांगत आहों, असा गैरसमज होऊं नये. आमच्या स्वयंपाकघरांत बेकन आलेलें नाहीं आणि येणार नाहीं. सूनबाईनेंही तें कधीं मागितलें नाहीं. मात्र तिच्या स्वयंपाकघरांत काय शिजतें हें विचारण्याचें आम्हीं सोडून दिलें आहे. येत्या उन्हाळ्यांत तिकडे जाण्याचें ठरतें आहे. साठी उलटल्यावर प्रथमच पारपत्र काढलें. ‘आपल्यासाठीं भांडीं वेगळीं ठेवूं का?’ असें सूनबाईनें परवां दूरध्वनीवर संकोचानें विचारलें. आम्हीं कळविलें कीं, आमची कढई वेगळी ठेव, म्हणजे झालें. पान मात्र सर्वांबरोबरच मांड. सामानांत सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या घ्यावयाच्या आहेत. त्या घेतांना हुंगून घ्याव्यात. खोबरें जुनें असलें तर खवट लागतें, आणि मग सगळी कृति फुकट जाते.